निरोपाचा विडा

'उमेदवार' आणि 'मुलाखत' हे दोन्ही शब्द आपल्याकडे नोकरीच्या छापील अर्जापेक्षा बरेच जुने आहेत. मुलाखत अरबीतून फारसीमार्गे आली आणि तिचा अर्थ साधा होता, भेट. पेशवाईतल्या पत्रांत सरदारांच्या मुलाखती होतात, वकिलांच्या होतात, आणि त्यात कोणी कोणाला 'पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता' असं विचारत नाही. उमेद म्हणजे आशा, ती धरून बसलेला तो उमेदवार. हिंदीने इंटरव्ह्यूचा 'साक्षात्कार' केला. मराठी माणसाला याचं हसू येतं, कारण आपल्याकडे साक्षात्कार झालेला माणूस बहुधा असलेली नोकरीही सोडतो.

दरबारी मुलाखतीचा शेवट ठरलेला असे. यजमान अत्तर लावी, गुलाबपाणी शिंपडलं जाई आणि पानाचा विडा हातात येई. विडा आला की निघायचं. 'आता उठा' असं तोंडाने म्हणावं लागत नसे आणि 'येतो' म्हणून पाहुण्याला आपणहून उठताही येत नसे. भेट संपवण्याचा अधिकार भेट देणाऱ्याचा. इंग्रजांना हा रिवाज इतका सोयीचा वाटला की त्यांनी तो जसाच्या तसा उचलला. रेसिडेंटच्या आणि पुढे व्हॉइसरॉयच्या दरबारात अत्तर-पान शेवटी येई. ते कोणाला साहेब स्वतःच्या हाताने देणार आणि कोणाला त्यांचा हाताखालचा अधिकारी देणार, हे ज्याच्या त्याच्या मानमरातबाप्रमाणे आधीच लिहून ठरलेलं असे.

विड्याचा दुसरा उपयोगही आपल्याला शाळेपासून माहीत आहे. भरदरबारात तबक ठेवायचं, कामगिरी सांगायची, आणि जो विडा उचलेल त्याची नेमणूक. विजापूरच्या दरबारात अफझलखानाने तो उचलल्याची गोष्ट पोवाड्या-बखरींतून आपल्यापर्यंत आली आहे. इतक्या आत्मविश्वासाने संपलेली दुसरी मुलाखत मला तरी आठवत नाही. तिचा निकाल १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी लागला.

याच्या नेमकी उलटी मुलाखत १२ मे १६६६ ची, आग्र्याची. पुरंदरच्या तहानंतर संभाजीराजांना पाच हजारी मनसब मिळालेली होती, आणि बापाला त्याच दर्जाच्या सरदारांच्या रांगेत नेऊन उभं केलं गेलं. नजर पेश झाली, बादशहा काही बोलला नाही. खिलती वाटल्या, त्या शहजाद्यांना मिळाल्या, वजिराला मिळाल्या, जसवंतसिंहाला मिळाली. शिवाजी महाराजांना नाही. त्या वेळी आग्र्यात असलेल्या आमेरच्या माणसांनी जी पत्रं घरी लिहिली, त्यांत पुढचा प्रसंग आहे: महाराजांनी रामसिंहाला सुनावलं, सिंहासनाकडे पाठ केली आणि चालू लागले. मग खिलत पाठवण्यात आली, तीही त्यांनी घेतली नाही. विडा न घेता, परवानगी न मागता मुलाखत संपवली. आपण हे स्वाभिमानाचं उदाहरण म्हणून शिकतो आणि ते आहेच. पण त्याच वेळी सह्याद्रीत किल्ले होते, राज्य चालवणारी माणसं होती, आणि तरीही त्या पाठीची किंमत तीन महिन्यांच्या नजरकैदेत मोजावी लागली. पाठ फिरवायला मागे काहीतरी असावं लागतं. बहुतेक उमेदवारांच्या मागे फक्त घर असतं, आणि तेही त्यांच्या पगाराकडे डोळे लावून.

एकोणिसाव्या शतकातला आपला उमेदवार तर मुलाखतीपर्यंत पोचतच नसे. कलेक्टर-मामलेदाराच्या कचेरीत चिठ्ठी घेऊन यायचं, शिरस्तेदाराच्या डोळ्यांसमोर बसायचं, नकला करायच्या, कागद लावायचे, आणि पगार नाही. जागा निघाली आणि वरच्याची मर्जी असली तर नाव लागणार. महिने जात, कधी वर्षं जात. 'उमेदवारी करणे' हा वाक्प्रचार तिथून आला आणि अजून टिकून आहे. गायक, नट, वकील, सगळे आपल्या 'उमेदवारीच्या काळा'बद्दल बोलतात. एका परीने ही मुलाखतच होती, फक्त तिला शेवट नव्हता. रोज सकाळी ती पुन्हा सुरू होई, आणि उमेदवाराच्या हातात तिची एकच गोष्ट होती: उद्यापासून न येणं.

यावर उतारा म्हणून लेखी परीक्षा आली. १८५३ च्या सनदी कायद्याने कंपनीच्या संचालकांचा नेमणुकीचा हक्क काढून घेतला आणि १८५५ साली लंडनमध्ये सनदी सेवेची पहिली स्पर्धा परीक्षा झाली. चिठ्ठी गेली, गुण आले. परीक्षा लंडनलाच, समुद्र ओलांडून, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेकांना दार बंदच. तरी १८६३ साली सत्येंद्रनाथ टागोर त्यातून पार पडले. त्यांना मुंबई इलाखा मिळाला, त्यांनी आपल्या मुलखात नोकरी केली, मराठी शिकले आणि तुकोबांचे अभंग बंगालीत नेले. नेमणुकीच्या इतिहासात असल्या अनपेक्षित देणग्या मधून मधून मिळतात.

पण कागदावरच्या गुणांनी कोणाचं समाधान झालं नाही. माणूस 'दिसतो कसा' हे पाहायचंच होतं. म्हणून घोडेस्वारीची चाचणी होती, आणि पहिल्या महायुद्धानंतर लेखी परीक्षेला तोंडी परीक्षेची स्वतंत्र, तीनशे गुणांची जोड मिळाली. ती विषयज्ञानाची नव्हती. उमेदवाराची हुशारी, तरतरी आणि एकूण वकूब समोर बसून जोखायचा होता. कोणाच्या डोळ्यांनी जोखायचा, हा प्रश्न मात्र तेव्हा फारसा कोणी विचारला नाही.

घोडेस्वारीवरून अरविंद घोष आठवतात, आणि अरविंदांवरून सयाजीराव गायकवाड. या विषयाचा आपल्याकडचा इतिहास एका माणसाच्या चरित्रात पाहायचा झाला, तर तो सयाजीरावांच्या चरित्रात पाहावा. मेजाच्या दोन्ही बाजूंना बसलेला असा माणूस दुसरा सापडणं कठीण.

१८७५ साली मल्हाररावांना इंग्रजांनी पदच्युत केलं आणि जमनाबाईंना दत्तक घ्यायला गायकवाड घराण्यातला मुलगा हवा होता. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून काशीराव गायकवाडांची मुलं बडोद्याला आणली गेली. कथा अशी सांगतात, की मुलांना विचारण्यात आलं, 'कशासाठी आलात?' कोणी 'पाहायला आलो' म्हणालं, कोणी 'आणलं म्हणून आलो' म्हणालं. बारा वर्षांचा गोपाळराव म्हणाला, 'राज्य करायला.' कथा खरी असो वा नंतर रचलेली, ती इतकी वर्षं टिकली यातच काहीतरी आहे. शेतकऱ्याच्या पोराने अवाक्षर जास्त न बोलता मुलाखत संपवल्याची ती गोष्ट आहे, आणि आपल्याला अशा गोष्टी फार आवडतात. २७ मे रोजी दत्तकविधान झालं आणि गोपाळरावाचा सयाजीराव झाला.

सतरा वर्षांनी तोच माणूस लंडनमध्ये मेजाच्या पलीकडे होता. अरविंद सनदी सेवेची लेखी परीक्षा उत्तम तऱ्हेने उत्तीर्ण झाले होते, पण घोडेस्वारीच्या चाचणीला ते गेलेच नाहीत. नोव्हेंबर १८९२ मध्ये त्यांचं नाव गळलं. ही नोकरी आपल्याला नकोच होती, असं त्यांनी पुढे स्वतःच सांगितलं आहे. जेम्स कॉटन या स्नेह्याने सयाजीरावांशी गाठ घालून दिली. पगाराची बोलणी कॉटन आणि अरविंदांचे थोरले बंधू यांनी केली आणि मासिक दोनशे रुपयांवर सौदा ठरला. दोनशे ही चांगली रक्कम आहे अशी या मंडळींची समजूत होती. सयाजीराव मात्र दोनशे रुपयांत सनदी अधिकारी मिळाला म्हणून खूश होते, असं अरविंदांच्याच आठवणींत आहे. पगाराची गोष्ट शेवटी काढावी की आधी, आपण काढावी की त्यांनी, या वादाला निदान एवढा जुना दाखला आहे: बाजारभाव माहीत नसेल तर बोलणी कोणीही करो, उमेदवाराचंच कमी होतं.

मग आला १२ डिसेंबर १९११. दिल्ली, पंचम जॉर्जचा राज्यारोहण दरबार. संस्थानिकांनी एकेकाने सिंहासनापुढे यायचं, लवून मुजरा करायचा आणि राजाराणीला पाठ न दाखवता मागे सरत जायचं. निजामानंतर दुसरा नंबर बडोद्याचा. सयाजीराव साध्या पोशाखात, हातात काठी घेऊन आले. एकदा वाकले, आणि वळून चालते झाले. एका मिनिटाचीही ही गोष्ट नाही. पण ते चित्रफितीवर आलं, लंडनच्या वर्तमानपत्रांनी गहजब केला, राजद्रोहाची भाषा झाली. सयाजीरावांना व्हॉइसरॉय हार्डिंग यांना खुलाशाचं पत्र लिहावं लागलं, की गडबडून गेल्याने असं झालं, अनादराचा हेतू नव्हता. तो मुद्दाम केलेला अपमान होता की खरोखरचा गोंधळ, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. माझं मत विचाराल तर बडोद्याच्या गादीवर छत्तीस वर्षं बसलेला माणूस मुजरा विसरत नाही. पण माझ्या मताला पुरावा नाही, आणि या लेखापुरता तो लागतही नाही. साम्राज्याने आपल्या सगळ्यात श्रीमंत मांडलिकांपैकी एकाला पाठीवरून जाब विचारला, एवढं पुरे आहे. एवढ्या मोठ्या उमेदवारालाही बाहेर पडण्याच्या रीतीवरून गुण कापले गेले.

दीड वर्षाने तेच सयाजीराव मुंबईत एका तरुण पदवीधराला भेटले. कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी शब्द टाकला होता. तरुणाचं नाव भीमराव आंबेडकर. भेट उत्तम झाली, कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली आणि जून १९१३ मध्ये करारावर सही झाली: परत आल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी. उमेदवार हुशार, मुलाखत घेणारा उदार, शेवट गोड. १९१७ साली करार पाळायला आंबेडकर बडोद्याला उतरले तेव्हा त्यांना शहरात राहायला कोणी खोली देईना. पारशांच्या धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. लाठ्या घेतलेल्या लोकांनी तिथूनही बाहेर काढलं. रात्रीची मुंबईची गाडी सुटेपर्यंत ते एका बागेत बसून राहिले. ही हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे आणि ती वाचताना माझं लक्ष दर वेळी त्या बागेतल्या तासांवर अडतं. मुलाखत महाराजांनी घेतली होती, पण नोकरी टिकू द्यायची की नाही हे कचेरीतला शिपाई, धर्मशाळेचा रखवालदार आणि जागा नाकारणारा मित्र ठरवत होते. त्यांच्यासमोर काय म्हणून उठायचं, कसा निरोप घ्यायचा, हे कोणत्याच पुस्तकात नव्हतं.

हे सगळं मी चाळायला लागले ते एका मागे मागे चालणाऱ्या मुलामुळे. बँकेच्या कर्मचारी विभागात माझं बरंचसं आयुष्य गेलं. आता पुण्यात, पेठांतल्या अभ्यासिकांच्या गर्दीत, स्पर्धा परीक्षेच्या मुलांच्या सराव-मुलाखतींना मला बोलावतात. पॅनेलवर एक बाई असावी असा संकेत आहे, ती मी. लातूरकडचा एक मुलगा, अभ्यास चांगला, बोलणं स्वच्छ. अध्यक्षांनी 'ठीक आहे, या आता' म्हटल्यावर तो उठला, खुर्ची आवाज न करता सरकवली, नमस्कार केला, आणि आमच्याकडे तोंड ठेवून चार पावलं मागे गेला. पाचव्या पावलाला दारामागची टोपली लवंडली. विचारलं तर म्हणाला, 'मॅडम, पाठ दाखवायची नसते.' कोणी सांगितलं? क्लासमध्ये. क्लासमध्ये ज्यांनी सांगितलं त्यांना त्यांच्या क्लासमध्ये कोणीतरी सांगितलं असणार. आयोगाच्या परीक्षेच्या सूचनांत व्यक्तिमत्त्व चाचणीचं जे वर्णन असतं, त्यात मानसिक जागरूकता आहे, समतोल निर्णयशक्ती आहे, बौद्धिक आणि नैतिक सचोटी आहे. पाठीबद्दल काही नाही. तरी १९११ चा दरबार सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर भरतोच आहे.

या मुलांना शेवटाची फार धास्ती असते, आणि ती अगदीच खोटी नाही. दोन हजार पंचवीस गुणांच्या परीक्षेत मुलाखतीचे २७५, आणि एकेका गुणाने सेवा बदलते, राज्य बदलतं. म्हणून शेवटच्या अर्ध्या मिनिटाबद्दल एक सबंध लोकसाहित्य तयार झालं आहे: आधी अध्यक्षांना नमस्कार की सगळ्यांना मिळून, हसायचं किती, फाइल कोणत्या हातात. प्रत्यक्षात मी जे बिघडताना पाहिलं ते फार साधं असतं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर येत नसतं आणि 'माहीत नाही' म्हणून थांबण्याऐवजी मुलगा बोलत राहतो. किंवा निरोप मिळाल्यावर दाराशी थबकतो आणि म्हणतो, 'सर, मघाच्या त्या उत्तरात मला असं म्हणायचं होतं...' त्या क्षणी समोरच्यांच्या डोक्यात ते चुकलेलं उत्तर पुन्हा ताजं होतं. एरवी ते विसरलेही असते. आभाराचं छोटं भाषण पाठ करून आलेलेही असतात. 'आपण मला ही संधी दिलीत' पासून सुरुवात होते आणि पॅनेलवरचे लोक पुढच्या उमेदवाराची फाइल उघडतात. एकदा आभार, फाइल उचलायची, दार हलक्या हाताने लावायचं. खिडकीपाशी बसलेल्या पॅनेलला दार आपटल्याचा आवाज फार मोठा येतो, हे मात्र खरं आहे.

बाकी आम्ही पॅनेलवाले काय मोजतो, हा मोठा अवघड विषय. १९१५ च्या सुमारास वॉल्टर डिल स्कॉट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सहा अनुभवी व्यवस्थापकांना छत्तीस विक्रेत्यांच्या मुलाखती घेऊन क्रम लावायला सांगितला. छत्तीसपैकी अठ्ठावीस जणांच्या बाबतीत, हा माणूस वरच्या अर्ध्यात की खालच्या, एवढ्यावरही त्यांचं एकमत झालं नाही. हे मी आमच्या पॅनेलच्या चहाला एकदा सांगितलं. सगळे हसले आणि पुढच्या मुलाला आम्ही अगदी सारखे गुण दिले.

आपल्या न्यायालयांसमोर हाच प्रश्न वेगळ्या वाटेने गेला. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्रवेश, नोकरी नव्हे, पण मुलाखत तीच. लेखीचे शंभर गुण, तोंडीचे पन्नास. मुलाखत चालली दोन-तीन मिनिटं, आणि त्यात विचारलं ते वडील काय करतात, राहता कुठे. लेखीत खूप मागे असलेली मुलं वर गेली. अजय हासिया प्रकरणाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९८० मध्ये दिला: तोंडी परीक्षेला एकूण गुणांच्या पंधरा टक्क्यांहून जास्त वजन देणं अवाजवी, आणि शक्य तर मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात. दोन-तीन मिनिटांत मुलगा सुरुवात कधी करणार आणि शेवट कधी करणार? पुढे १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारने खालच्या श्रेणीच्या पदांसाठी, म्हणजे गट क, गट ड आणि गट ब मधल्या अराजपत्रित पदांसाठी, मुलाखतच काढून टाकली. मुलाखतीत पैसे मागितले जातात, ओळख लागते, ही तक्रार घरोघरची होती. कारकुनाच्या नोकरीपुरता तरी दरबार बरखास्त झाला. आता ती मुलं संगणकासमोर बसतात आणि शेवटी एक बटण दाबतात.

खाजगी नोकऱ्यांत मधल्या काळात एक नवीच रीत आली. माझ्या वडिलांच्या पिढीच्या मुलाखती एका शब्दावर संपत: 'कळवू.' हा शब्द आपल्याकडे दोनच ठिकाणी त्या सुरात उच्चारला जात असे, नोकरीच्या मुलाखतीत आणि मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात. दोन्हीकडे पोस्टमनची वाट पाहायची, दोन्हीकडे पत्र न येणं हाच नकार, आणि दोन्हीकडे उलट विचारायची सोय नाही. नव्वदनंतर सॉफ्टवेअर कंपन्यांबरोबर अमेरिकेतली पद्धत आली आणि शेवटी उमेदवारालाच विचारू लागले, 'तुम्हाला काही विचारायचंय?' सुरुवातीला आमच्याकडची मुलं गांगरत. कचेरीतल्या उमेदवारापासून कोणी त्यांच्या आज्या-पणज्यांनाही हे विचारलं नव्हतं. आता या प्रश्नाची उत्तरंही पाठ केली जातात आणि त्यामुळे तो प्रश्न पुन्हा नुसता विडा झाला आहे: द्यायचा, घ्यायचा, निघायचं. खरा प्रश्न क्वचित येतो. कामाचे तास नक्की किती, माझ्या आधी या जागेवर होता तो का गेला, असं विचारणारी मुलं मी बँकेत असताना मोजकी पाहिली, आणि त्यातल्या बहुतेकांना दुसरी नोकरी हातात होती.

मुलींचे प्रश्न मात्र वेगळे असतात. सराव-मुलाखतीनंतर त्या थांबून हळू आवाजात विचारतात: लग्नाचं विचारलं तर काय सांगायचं, आणि ते उत्तर दिल्यावर शेवट कसा सावरायचा? त्यांना मी दोन बायकांची हकिकत सांगते.

अॅना राजम १९५१ साली भारतीय प्रशासकीय सेवेच्या मुलाखतीला बसल्या. आर. एन. बॅनर्जी अध्यक्ष, सोबत जुन्या सनदी सेवेतले अधिकारी. मंडळाने त्यांना परराष्ट्र सेवा किंवा केंद्रीय सेवा घ्या म्हणून सुचवलं. बायकांना त्या जास्त योग्य. त्यांनी प्रशासकीय सेवाच हवी म्हटलं आणि उठल्या. मद्रास राज्य मिळालं. तिथे मुख्यमंत्री राजगोपालाचारी. त्यांचा बायकांना अशी पदं देण्याला विरोध होता. जिल्ह्याऐवजी सचिवालयातली जागा पुढे आली. अॅना राजम यांनी घोडेस्वारीचं आणि बंदूक चालवण्याचं प्रशिक्षण घेतलं होतं. त्यांनी वाद घातला आणि होसूरची उपजिल्हाधिकाऱ्याची जागा मिळवली. नेमणुकीच्या आदेशात एक अट होती: लग्न केलंत तर सेवा संपेल. ती अट पुढे नियमांतून गेली. न्हावाशेवा बंदराच्या उभारणीत त्यांचा वाटा मोठा आहे, त्या बंदराच्या अध्यक्ष होत्या, हे उरणकडे जाणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असतं.

त्यांच्या दोन वर्षं आधी, १९४९ साली, सी. बी. मुथम्मा परराष्ट्र सेवेत आल्या. त्या सेवेतल्या पहिल्या स्त्री. मुलाखतीत त्यांनाही तेच सांगण्यात आलं, ही सेवा बायकांची नाही. लग्न झालं तर राजीनामा देईन असं त्यांच्याकडून लिहून घेतलं गेलं. स्त्री अधिकाऱ्याने लग्नाआधी सरकारची परवानगी घ्यावी, आणि तिचा संसार कामाच्या आड येतो असं वाटलं तर सरकारने तिला राजीनामा द्यायला लावावा, असा नियम परराष्ट्र सेवेच्या पुस्तकात बरीच वर्षं होता. १९७० मध्ये त्या हंगेरीत राजदूत झाल्या. वरच्या श्रेणीत बढती नाकारली गेली तेव्हा त्यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. सुनावणीच्या सुमारास सरकारने बढती दिली आणि अर्जाची गरज उरली नाही असं सांगितलं. १९७९ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या पीठाने अर्ज निकाली काढला, पण त्या नियमांवर कडक शब्दांत लिहिलं आणि सेवेच्या नियमांतून स्त्री-पुरुष भेदाच्या खुणा काढायला सांगितलं.

हे ऐकून एका मुलीने मला विचारलं होतं, 'म्हणजे मॅडम, त्यांची मुलाखत तीस वर्षं चालली?' मी हो म्हटलं. तिने वहीत १९४९ आणि १९७९ लिहून घेतलं, आणि विचारलं की लग्नाचा प्रश्न आला तर तो पुरुष उमेदवारांनाही विचारता का, असं उलट विचारलं तर गुण जातील का. पॅनेलवरचे दोघे सर म्हणाले, जातील. मी म्हटलं, माझ्याकडचे जाणार नाहीत.